झाकण ठेवून गेलेला चोर

१

चोराने किटली नेली आणि झाकण ठेवलं.

हे मी आधीच सांगून टाकते. शनिवारी सकाळी ‘काळं कोकरू’ या लॉजच्या नाश्त्याच्या खोलीत चोवीस शहाणी माणसं त्या झाकणाकडे टक लावून बसली होती आणि एकालाही ते दिसत नव्हतं. मलाही नाही. मला दिसायला पावणेदहा वाजले.

मी उर्सेल क्नॉप. बस चालवते. ओबरहासेलच्या गायक मंडळाची वार्षिक सहल गेली सतरा वर्षं मीच नेते. दोन दिवस, एक मुक्काम, तीन जुनी गावं. लाकडी चौकटींची घरं बघून ‘आहाहा’ म्हणायचं, एखाद्या चर्चमध्ये दोन गाणी म्हणायची, आलुबुखाराच्या केकवरून गांधीलमाश्या हाकलायच्या आणि बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपायचं, असा एकूण कार्यक्रम. मंडळात सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. मला सतरा वर्षं ‘ड्रायव्हरबाई, तुम्ही’. मी मनाला लावून घेत नाही. म्हणजे घेते, पण बोलत नाही.

तर ती किटली. पांढऱ्या चिनी मातीची, सोनेरी कडेची, पोटावर वीणा रंगवलेली, शहाण्णव वर्षांची. झाकणावरची मूळची मूठ कधीतरी फुटली, तेव्हा मंडळातल्या कुणा काचकाम करणाऱ्याने तिथे निळ्या काचेचा गोळा बसवून दिला. सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडायची, किटली स्वयंपाकघरात पाठवायची, ती भरून आली की अध्यक्षबाईंनी तिच्यातून प्रत्येकाला कॉफीचा पहिला कप ओतायचा. बाकीचा वेळ किटली पेटीत, पेटी अध्यक्षबाईंच्या मांडीवर, आणि पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात.

अध्यक्षबाई म्हणजे वाल्ट्राउट ओर्लाइन. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं अध्यक्ष, एकतीस वर्षं मांडीवर पेटी.

त्या दिवशी आठला त्या खाली आल्या. पेटी टेबलावर ठेवली, तिथे आधीच वाफाळत असलेल्या स्टीलच्या मोठ्या थर्मासशेजारी. किल्ली लावली. कुलूप नेहमीसारखं कुरकुरलं. पेटी उघडली आणि आतल्या मऊ नमद्याच्या दोन खळग्यांपैकी मोठा रिकामा. छोट्या खळग्यात किटलीचं झाकण, रुमालात गुंडाळलेलं, निळा गोळा वर.

वाल्ट्राउटबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी गेबहार्ट श्टोल उठले.

“चोरी!”

श्टोलसाहेब नगरपालिकेतून निवृत्त झालेत. मंडळाची नियमावली त्यांना तोंडपाठ आहे आणि ती दुसऱ्यालाही पाठ व्हावी अशी त्यांची इच्छा असते. किटली त्यांच्या आजोबांनी दिलेली.

“कुणी जागचं हलायचं नाही! वाल्ट्राउट, काल संध्याकाळपासून तुझ्या खोलीत कोण कोण आलं?”

“कुणी नाही रे गेबहार्ट.” वाल्ट्राउटबाईंचा आवाज एवढासा झाला होता. “म्हणजे... ती मुलगी आली होती, उशी द्यायला. पण—”

“झालं!” श्टोलसाहेब म्हणाले.

आणि चोवीस जणांनी एकाच तालात माना वळवल्या. गाताना यांचा ताल कधी जमत नाही. माणूस संशयित ठरवायचा म्हटला की बघा कसा जमतो!

ती मुलगी, म्हणजे दानुता, दारात उभी होती. हातात गरम पावांची टोपली. मुलगी कसली, पस्तिशीची बाई. खोल्या आवरायची, नाश्ता वाढायची.

“खिसे दाखवा तुमचे,” श्टोलसाहेब म्हणाले.

“कुणाकुणाचे?” मी कोपऱ्यातून विचारलं. “चोवीस जणांचे, की फक्त जिच्या हातात टोपली आहे तिचे?”

“ड्रायव्हरबाई, तुम्ही यात पडू नका.”

दानुताने टोपली खाली ठेवली, मान ताठ केली आणि एप्रनचा खिसा उलटा केला. पुसायचं फडकं पडलं. पेन्सिल पडली.

तिसरी वस्तू टेबलाच्या पायावर आपटून टणकन वाजली. बोटभर लांबीचा पांढरा तुकडा होता. चिनी मातीचा.

त्याची कड सोनेरी होती.

२

लॉजचा मालक हुबेर्ट. त्या दिवशी अकरा वाजता समोरच्या चर्चमध्ये त्याच्या पोरीचं, लेनीचं, लग्न. आला तो अर्धा नवरीमुलीचा बाप होता आणि अर्धा नुसता माणूस. वर कोट, कोटाला फूल, खाली घरातली चड्डी.

“आज? आजच? माझ्या घरात?” एवढंच तो तीनदा म्हणाला. मग दानुताकडे वळला. “हे बघ, अकराला घंटा वाजायच्या आत किटली तरी दे, नाहीतर कबुली तरी दे. नाहीतर आजच सामान बांध. सोमवारी पोलिसांकडे जातो मी.”

“मी नाही घेतली.”

“मग हा तुकडा काय आकाशातून पडला?”

“आम्ही साडेअकराला निघतो,” श्टोलसाहेब घड्याळ बघत म्हणाले. “नियमाप्रमाणे तक्रार लेखी द्यावी लागेल.”

तेव्हा मी बसची किल्ली खिशातून काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि परत खिशात टाकली.

“निघाल. मी नेलं तर,” मी म्हटलं. “किटलीचं काय झालं हे कळेपर्यंत बस हलणार नाही. चालत जायचं असेल तर रस्ता छान आहे, एकशेचाळीस किलोमीटर.”

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. पण रागात माझं डोकं चालतं, हे एक बरं आहे.

मी दानुताला स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेलं. ती बटाट्याच्या पोत्यावर बसली आणि इतका वेळ ताठ असलेली मान एकदम खाली गेली.

“बुधवारी सहा महिने पुरे होतात,” ती म्हणाली. “बुधवारी नोकरी पक्की. वरच्या दोन खोल्या मला मिळणार. गुरुवारी माझी झोसिया येणार, आजीबरोबर, आगगाडीनं. नऊ वर्षांची आहे. सहा महिने झाले तिला बघून. बाई, मी त्यांना काय फोन करू? येऊ नका म्हणू?”

“रडायचं नंतर. आधी तुकडा. कुठे मिळाला?”

“अंगणात, बाकाखाली. सकाळी सहाला टेबलं पुसत होते तेव्हा. झोसियाला असले तुकडे आवडतात. आमच्याकडे समुद्रावर सापडतात, गुळगुळीत झालेले. डबा भरलाय तिचा. हा सोनेरी आहे म्हणून ठेवला. फेकलेलाच होता ना! काल अंगणभर तेच तर होतं.”

खरंच होतं. आदल्या संध्याकाळी लेनीची भांडीफोड होती. लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खं गाव जुनी ताटं, कप, कुंड्या, एकदा तर कुणी संडासाचं भांडं घेऊन येतं आणि नवरीच्या दारात आपटतं. जितका आवाज मोठा तितका संसार सुखाचा, अशी समजूत. ऐंशी माणसं, अकॉर्डियन, कांद्याचा केक, आणि सारखं खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. आमच्या मंडळालाही बोलावलं होतं. मी स्वतः एक तडकलेली बशी फोडली. छान वाटलं.

“तू काय फोडलंस?” मी विचारलं.

दानुता रडता रडता हसली. “मी शिव्या खाल्ल्या. आमच्या गावी या दिवशी बाटल्या फोडतात. मी सहा रिकाम्या बाटल्या जमवून ठेवलेल्या, लेनीसाठी. पहिली उचलली आणि मालक ओरडत आले, ‘काच नाही! वेडी आहेस का, काच फुटली की नशीब फुटतं! माझ्या पोरीचं वाटोळं करतेस?’ मला काय ठाऊक! मग मला स्वयंपाकघरात पाठवलं, दहा वाजेपर्यंत थाळ्या धुतल्या मालकिणीबरोबर.”

“उशी कधी दिलीस?”

“सातला. दारातच दिली. ओर्लाइनबाई चांगल्या आहेत हो. आज साडेसातलाही मला हाक मारून गोड बोलल्या. म्हणाल्या, कॉफीचा मोठा थर्मास भरून ठेवा, चोवीस जणांना पुरेल असा. आणि मला पाच युरो दिले. ते मात्र दुसऱ्या खिशात आहेत, ते पण दाखवू का जाऊन?”

“नको,” मी म्हटलं. “ते श्टोलसाहेबांना झेपायचं नाही.”

मी कोठीतून बाहेर आले तर दाराला कान लावून कुणीतरी उभं होतं.

रोसविता केम्फ होती.

३

रोसविता मंडळात नवीन. दर रविवारी जुन्या बाजारात जुनी भांडी विकते. तांबडे केस, मोठा आवाज, आणि हो, आदल्या दिवशी दुपारी मी तिला पाहिलं होतं. नवीन माणसाला दाखवायला पेटी तेवढी एकदा उघडली होती; सगळे केक खात होते आणि ही बया किटली उलटी करून तिच्या बुडाचा शिक्का बघत होती.

“ऐकत होतीस?” मी विचारलं. आपण तरी कशाला ‘तुम्ही’ म्हणा!

“ऐकणार नाही तर काय करणार? तिच्यानंतर माझाच नंबर आहे. आत सगळे माझ्या बॅगेकडे बघतायत. मी म्हटलं, उघडा की, मळके मोजे आहेत, वास घ्या.”

“शिक्का कशाला बघत होतीस?”

“खोड. डॉक्टर माणसाची जीभ बघतो तशी मी बूड बघते.”

“मग? किंमत किती?”

ती माझ्या कानाशी आली. “बारा युरो. तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर. झाकणाची मूठ मूळची नाही, कड दोनदा रंगवलेली, आणि चोच चुकलेली. ओतलं की निम्मं बाहेर. हे लोक मला काल मोठ्या अभिमानानं दाखवत होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर जुना डाग! मी काय बोलणार? नवीन आहे.”

हे खरं होतं. सतरा वर्षं मी बघत आलेय. पहिला कप ओतताना सगळे खुर्ची मागे सरकवतात आणि चेहऱ्यावर प्रार्थनेतला भाव आणतात.

म्हणजे विकायला चोरली म्हणावं तर तिच्यात काही नाही. आणि रोसविताला ते सगळ्यांत आधी ठाऊक. संशयितांतून ती गळली.

श्टोलसाहेब बाहेर चौकात, कारंज्याच्या कठड्यावर बसून तक्रार लिहीत होते.

“तुम्ही काल कुठे होतात?” मी विचारलं.

“मी? मला विचारता?”

“चोवीस जणांना विचारणार. तुम्ही जवळ होतात.”

“नऊला झोपलो, कानात बोळे घालून. असल्या आदळआपटीत मला रस नाही. चांगलं भांडं फोडायचं आणि त्याला सण म्हणायचं!” त्यांनी पेन टोपणात घातलं. “ड्रायव्हरबाई, तुम्हाला वाटतं मी दुष्ट आहे. मी दरवर्षी सभेत सांगतो, किटली फिरवू नका, पंचायतीच्या काचेच्या कपाटात ठेवा. दरवर्षी माझा ठराव पडतो. आता कळलं?”

“म्हणजे तुम्हालाच ती सहलीवरून गायब करायची होती.”

ते लाल झाले. मग एकदम म्हातारे दिसले. “आजोबांच्या हाताची ऊब आहे हो तिला,” ते म्हणाले. “मी तिला हात लावायचा तरी दोनदा धुऊन लावतो.”

खोटं बोलत नव्हता माणूस. आगाऊ होता, पण खोटा नव्हता.

“एक सांगा. किल्ली?”

“एकच. वाल्ट्राउटच्या गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही. पण झोपेत कुणीही काढून घेईल. त्या बाईकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत.”

“आणि चोरून झाल्यावर झाकण रुमालात गुंडाळून ठेवलं, पेटीला परत कुलूप लावलं, किल्ली परत म्हातारीच्या गळ्यात घातली आणि शुभ रात्री म्हणून गेली?”

“घाईत माणूस काहीही करतो.”

“घाईत माणूस झाकण विसरतो, साहेब. गुंडाळत नाही.”

चर्चच्या घड्याळात साडेनऊ झाले. मी अंगणाकडे वळले.

४

अंगणात नवरामुलगा होता. कोर्बी. लग्नाची पँट, वर बनियन, पायात सपाता, हातात खराटा. भांडीफोडीचा कचरा नवऱ्या-नवरीनेच झाडायचा असतो आणि चर्चला जायच्या आत संपवायचा असतो. आणि मित्रांचं काम काय, तर झाडलेला ढीग लाथेने परत पसरायचा.

“तीनदा झाडलंय काल, रात्री दहाच्या आत!” तो मला बघून म्हणाला. “तीनदा! अजून नवराही झालो नाही आणि पाठ गेली. लेनी म्हणते, सवय होईल.”

“ढीग कुठे आहे?”

“ते बघा, दोन हातगाड्या. का?”

“सोनेरी कड शोधायचीय. हात कापून घेऊ नकोस. बोटात अंगठी जायचीय अजून.”

आम्ही दोघं उकिडवे बसलो. निळ्या फुलांच्या बश्या, तपकिरी मडकी, कुणाच्या तरी सासूचा अख्खा चहाचा संच. मग पांढरा तुकडा, सोनेरी कडेचा. आणखी एक. मग वीणेच्या तीन तारा. आणि शेवटी कोर्बीने खालून ओढून काढली ती चोच. अख्खी, वाकडी, कधी सरळ न ओतलेली. बघूनच मी ओळखली.

“अरे देवा,” मी म्हटलं.

“वाईट झालं का?”

“अजून ठरवायचंय.”

म्हणजे किटली लॉजच्या बाहेर कुठे गेलीच नव्हती. काल संध्याकाळी, अंधारात, ऐंशी माणसांत, जिथे प्रत्येकाच्या हातात काहीतरी पांढरं होतं तिथे, कुणीतरी ती आणली आणि फोडली. दानुताचं म्हणणं खरं ठरत होतं, पण उपयोग शून्य. श्टोलसाहेब म्हणणार, चोरून नेताना हातून पडली आणि ढिगात लपवली. तसं झालं नाही कशावरून?

मी खाली बसून राहिले. कोर्बीने एक हिरवट खडा उचलून उजेडात धरला आणि हुश्श केलं.

“काय झालं?”

“काच वाटली हो. नाही, मडक्याची झिलई आहे. सासऱ्यांनी दहा वेळा बजावलंय, काचेचा एक कणसुद्धा निघाला तर लग्न पुढे ढकलीन. पण नाही निघाला. दोन हातगाड्या भरल्या, काच एक कण नाही. लोक किती जपतात बघा आपल्याला.”

हातातली चोच मी खाली ठेवली. लोक किती जपतात.

तेव्हा मला ते झाकण दिसलं. सकाळपासून डोळ्यांसमोर होतं, निळा गोळा वर करून. आणि त्या झाकणाच्या शेजारी टेबलावर काय वाफाळत होतं तेही दिसलं.

मी इतक्या जोरात हसले की कोर्बीच्या हातून खराटा पडला. आणि हसू संपल्यावर मला भयंकर राग आला.

५

साडेदहाला मी सगळ्यांना नाश्त्याच्या खोलीत बसवलं. हुबेर्टलाही बोलावलं, आता पँट घालून आला होता. दानुता भिंतीशी उभी. मी टेबलावर चोच ठेवली, तुकडे ठेवले आणि मधे झाकण.

श्टोलसाहेबांनी चोच बघितली आणि डोळे मिटले.

“किटली फुटली,” मी म्हटलं. “काल, अंगणात, भांडीफोडीत. पडली नाही. फोडली.”

“तिनेच—” हुबेर्ट सुरू झाला.

“तू गप बस, तुझी पाळी येतेय. मला सांगा, किटली फोडायला नेणाऱ्याने झाकण का नेलं नाही? विसरून? विसरलेलं झाकण कुणी रुमालात गुंडाळत नाही. झाकण मुद्दाम काढून ठेवलं. कारण त्याला काचेचा गोळा आहे. आणि लेनीच्या भांडीफोडीत काच फुटायला नको होती. हा चोर नाही, बाबांनो. हा नवरीचं भलं चिंतणारा माणूस आहे. किटलीचा जीव घेतला, पण पोरीच्या नशिबाला धक्का लावला नाही.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं.

“हा नियम त्या बाईलाही माहीत झाला होता,” श्टोलसाहेब म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. “मालक तिच्यावर ओरडले तेव्हा मीही ऐकलं.”

“बरोबर. आणि त्यानंतर ती दहापर्यंत स्वयंपाकघरात होती, हुबेर्टच्या बायकोच्या कोपराला कोपर लावून. हुबेर्ट, बायकोला विचारलंस? नाही. सोपं होतं तरी नाही. आणि कोर्बीने शेवटचा झाडू मारला तो दहाच्या आधी. वीणा आणि चोच त्याच्या ढिगाच्या तळाशी होती.”

हुबेर्टने कोटावरच्या फुलाशी चाळा सुरू केला.

“राहिली किल्ली. कुलूप मोडलं नाही, परत लावलं. आणि राहिला हा.” मी थर्मासवर हात ठेवला. “दरवर्षी किटली रिकामी आत जाते आणि भरून येते. सतरा वर्षांत मी मंडळाच्या टेबलावर थर्मास पाहिला नाही. आज पेटी उघडायच्या आधीच तो इथे होता. चोवीस कपांचा. किटली नाही हे कळायच्या अर्धा तास आधी कुणीतरी तो मागवला. ज्याने मागवला त्याला पेटी रिकामी आहे हे ठाऊक होतं.”

दानुताने मान वर केली. सगळा पुरावा सकाळपासून तिच्याच हातून वाढला गेला होता आणि तिला पत्ता नव्हता.

“आता मी नाव घेऊ,” मी म्हटलं, “की नावाचा मालक उठतोय?”

खुर्ची सरकली.

वाल्ट्राउटबाई उभ्या राहिल्या. पांढऱ्याफटक. त्यांनी हातातली पर्स उघडली आणि घडी घातलेला कागद काढला.

“हे मी सकाळी वाचणार होते,” त्या म्हणाल्या. “गेबहार्ट ओरडला आणि माझी वाचा गेली. वाचू?”

“वाचाच,” मी म्हटलं.

“‘प्रिय गायक मित्रहो, काल मी आपली किटली फोडली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी रात्रभर वाट बघितली, वाटलं नाही. एकतीस वर्षं मी प्रत्येक सहलीत ती पेटी मांडीवर घेऊन बसले. मला एकही मनोरा चढता आला नाही. एकाही अकॉर्डियनच्या तालावर नाचता आलं नाही. काल नवरीने माझा हात धरला आणि म्हणाली, आजी, तुम्ही पण काहीतरी फोडा की. मी वर गेले. मागच्या जिन्याने खाली आले. दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि—’” कागद थरथरायला लागला, आणि मला वाटलं आता रडतात, पण बाई हसत होत्या. “‘—आणि मित्रहो, इतका सुंदर आवाज आपल्या मंडळाने गेल्या एकतीस वर्षांत काढलेला नाही.’”

मग रोसविता खिंकाळली. आणि मग धरणच फुटलं.

“माझी लग्नातली पँट गेली तिच्यापायी!” “माझे तीन पोशाख!” “मी मुद्दाम चहा प्यायला लागलो!” “अरे, मला वाटायचं मलाच आवडत नाही!” चोवीस माणसं, शहाण्णव वर्षांचे डाग, सगळे एकदम धुवायला बसले.

“थांबा,” मी म्हटलं.

मी ओरडले नाही, पण थांबले.

“किटली तुमची. फोडा, पुरा, तिचं गाणं करा. पण ओर्लाइनबाई, सकाळी तुमची वाचा गेली नव्हती. एक वाक्य बोललात तुम्ही. ‘ती मुलगी आली होती.’ अडीच तास ते वाक्य हवेत होतं. अडीच तासांत ही बाई आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला ‘येऊ नको’ म्हणायचे शब्द शोधत होती. भाषणात याच्याबद्दल काही लिहिलंय?”

वाल्ट्राउटबाईंचं हसू गेलं. त्या टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तेवढं अंतर फार लांब गेलं असावं.

“मी ‘पण’ म्हणाले होते,” त्या दानुताला म्हणाल्या. “पुढचं बोलायचं धाडस झालं नाही. प्रत्येक मिनिटाला वाटलं, आता सांगते. प्रत्येक मिनिटाला ते जास्त अवघड झालं. मला माफ करू नका लगेच. पण हे सगळ्यांसमोर ऐका: तुम्ही काही केलं नव्हतं आणि मी भित्री होते.”

श्टोलसाहेब उठले. कोटाची तिन्ही बटणं लावली.

“नियम नऊ,” ते म्हणाले. “सदस्याने चूक केल्यास उभे राहून, मोठ्याने.” आणि दानुतासमोर जाऊन, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात: “माझं चुकलं, बाई! मी तुमचे खिसे तपासायला निघालो, आधी स्वतःचं डोकं तपासायला हवं होतं!” मग टेबलावरचा तो पहिला, बोटभर तुकडा उचलून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. “मुलीला द्या. आजोबांची कड आहे. खरं सोनं नाही, पण चमकते.”

“हुबेर्ट,” मी म्हटलं.

“बुधवार कशाला?” हुबेर्ट घाईघाईने म्हणाला. “आत्तापासून पक्की. खोल्याही आत्तापासून. उर्सेल, तू अशी बघू नको माझ्याकडे, आज माझ्या पोरीचं लग्न आहे.”

“माफी?”

“ती पण! ती पण! मी माझ्या बायकोलाही न विचारणारा गाढव आहे!”

“हे ती मान्य करेल,” दानुता म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा ती मोकळी हसली.

“आमच्या मंडळात,” वाल्ट्राउटबाई तिला म्हणाल्या, “मोठ्या माणसाने आधी विचारायचं असतं. म्हणून विचारते. मला वाल्ट्राउट म्हणशील? ‘तू’ म्हणशील?”

दानुताने तुकडा खिशात टाकला, खिशाचं तोंड दाबलं आणि विचार केला. कुणालाही वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ केला.

“वाल्ट्राउट,” ती म्हणाली, “पुढच्या वेळी काही फोडलंस तर सांगून फोड.”

तेवढ्यात घंटा वाजायला लागल्या.

मंडळ लग्नात गायलं. वाईटच गायलं, पण मोठ्याने, आणि लेनीने प्रत्येकाचा मुका घेतला. नंतर अंगणात अकॉर्डियन सुरू झालं आणि वाल्ट्राउट ओर्लाइन पहिल्यांदा कोर्बीबरोबर नाचली, मग हुबेर्टबरोबर, मग श्टोलसाहेबांबरोबर. त्यांना नाचता येत नव्हतं. नियमावलीत नाही म्हणे.

बस साडेतीनला निघाली. मी आरशात बघितलं. पहिल्या सीटवर ती बसली होती. दोन्ही हात सवयीने मांडीपुढे गोल धरलेले, मधे काहीच नाही. तिच्या ते लक्षात आलं. तिने हात सोडले, बघत राहिली त्यांच्याकडे, मग एक हात खिडकीवर टाकला आणि एक शेजारच्या रिकाम्या सीटवर, अशी ऐसपैस.

“ओर्लाइनबाई, पट्टा लावा,” मी म्हटलं.

“सतरा वर्षं झाली,” ती आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाली. “मी आधी विचारायला हवं होतं. वाल्ट्राउट म्हण.”

मी गिअर टाकला.

“वाल्ट्राउट,” मी म्हटलं, “पट्टा लाव.”